कुवेत लिहिलेला रकाना

सकाळचे साडेसात झाले असतील. शिवलीलाच्या तव्यावर भाकरी टम्म फुगली होती आणि आतल्या खोलीत तिचे यजमान सोमशेखर कपाळाला विभूती लावून, तळहातावर इष्टलिंग घेऊन बसले होते. एकदा ते पूजेला बसले, की दारात कोणी का येईना, उठत नसत. विम्याच्या एजंटाचं घर, माणसं अवेळी यायचीच. त्यामुळे दाराची कडी वाजली तेव्हा पिठाच्या हातांनी शिवलीलाच उठली.

दारात आक्काताई उभी होती. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत लांब लिफाफा.

"अण्णा हाईत?"

"पूजेला बसलेत. या, आत या."

"बसू द्या की. देवाला घाई न्हाई, मलाबी न्हाई."

शिवलीलानं खुर्ची पुढं केली, तर आक्काताई भिंतीला टेकून खालीच बसली. "हितंच बरं वाटतंय वैनी. बारा वर्सं वाळूत बसल्याली बाई मी."

ती बारा वर्षं शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीतली. ओतकामात लोखंडाच्या आत पोकळी राहावी म्हणून वाळूचे गाभे घालतात, ते गाभे आक्काताई बनवायची. तिचा नवरा कृष्णात त्याच फौंड्रीत तयार माल तपासायचा. मालात बारीक भोक राहिलं, की त्यात लांबी भरून वर रंग मारायचा आणि गाडीत चढवायचा, ही तिथली चाल. कृष्णात मात्र खडूनं ठळक फुली मारायचा आणि शेजारी मोठ्या इंग्रजी अक्षरांत कारण लिहायचा. एकदा गाभा सरकलेला माल निघाला, तो नेमका आक्काताईच्या हातचा. कृष्णातनं त्याच्यावरही फुली मारली. सगळ्या बाया हसल्या. पुढं दोन दिवस त्याच्या डब्यात नुसती भाकरी आणि मिरची होती.

"काय भाजी केलीया आज?" डबा उघडून तो मोठ्यानं विचारायचा.

"फुली केलीया," ही पलीकडून ओरडायची.

हे सगळं आक्काताईच मागं कधीतरी हसत हसत सांगून गेली होती. आज ती हसत नव्हती. शिवलीलानं दिलेला चहाचा कप तिनं दोन्ही हातांत धरला होता. प्यायचा मात्र राहिला होता.

दोन हजार दोन साली फौंड्री बंद पडली. कृष्णात दीडेक वर्ष इकडंतिकडं हिंडला आणि दोन हजार चारच्या मे महिन्यात याच घरी आला. बरोबर नवा कोरा पासपोर्ट. इराकमधल्या एका लष्करी तळाच्या वर्कशॉपमध्ये काम मिळालं होतं. विमान कुवेतपर्यंत, तिथून पुढं गाडीनं. प्रवासाचा विमा काढून घ्या, असं काम मिळवून देणाऱ्या मुंबईच्या माणसानं सांगितलं होतं. सोमशेखरनी नेहमीसारखे दोन फॉर्म दिले. एक पेन्सिलनं भरायचा, दुसऱ्यावर नुसती सही. खाडाखोड झाली तर कंपनी परत पाठवते, म्हणून ही पद्धत. कृष्णातनं जीभ दातांत धरून एकेक अक्षर कोरलं, आणि 'कुठे जाणार' या रकान्यात इराक असं लिहिलं. मग कोऱ्या फॉर्मवर सही केली.

"अण्णा, तेवढं इराकचं बघून लिवा बरं का," जाताना म्हणाला. "तितं फटफट उडतंय म्हनत्यात. नंतर भानगड नगं."

तो गेला आणि सोमशेखरनी कपाळाला हात लावला. जिथं जाऊ नका म्हणून सरकारनंच सांगितलंय, तिथला विमा कंपनी देणार नाही. "तिकीट कुवेतचंच आहे ना? मग कुवेत लिही," ते शिवलीलाला म्हणाले.

कारण सही केलेले कोरे फॉर्म पेन्सिलच्या फॉर्मवरून पेनानं भरायचे ते शिवलीलानं. बी.ए. झालेली, वळणदार अक्षर; जेवणाच्या टेबलावर तिनं आजवर शेकड्यानं फॉर्म भरले होते.

"अहो, पण तो तर इराक सांगून गेलाय."

"त्याला विम्याशिवाय पाठवू का? काही कागद तरी असू दे पोराजवळ."

तिनं कुवेत लिहिलं. पेन्सिलच्या फॉर्मच्या पाठीवर दोन दिवसांनी किराण्याची यादी लिहिली आणि यादीबरोबर तो फॉर्मही गेला.

ऑक्टोबरात बसऱ्याच्या रस्त्यावर ट्रेलर उलटला. कृष्णातची शवपेटी यायला महिना लागला.

पूजा आटोपून सोमशेखर बाहेर आले. आक्काताईनं लिफाफा पुढं केला. त्यांनी पत्र वाचलं, पुन्हा वाचलं आणि चष्मा काढला. दावा नामंजूर. मयतानं प्रवासाचं ठिकाण लपवून खोटी माहिती दिली.

"आपण वर लिहू, आक्काताई. अपील करता येतं."

"अपील ऱ्हाऊ द्या. पैसं मिळायचं न्हाईत, हे कळलंय मला." तिनं कप खाली ठेवला. "कागद इंग्रजी. म्हनून आईतवारी वंदना झाल्यावर विहारात दिला वाचाय. पन्नासभर माणूस हुतं. सोसायटीतल्या क्लार्कनं खणखणीत वाचला. कृष्णातनं खोटी माहिती दिली. मग कोनतरी म्हनलं, लोकांच्या मालावर जलमभर फुल्या मारल्या, आणि सोता हे केलं व्हय?"

सोमशेखरनी पत्र घडी करून लिफाफ्यात घातलं.

"घरात आल्यावर मनाली इचारती, आई, बाबांनी खोटं लिवलं? बारावीला हाय पोरगी. काय सांगू तिला?"

आक्काताईनं पिशवीतून आणखी एक कागद काढला. पत्राबरोबर कंपनीनं फॉर्मची झेरॉक्स जोडली होती. तिनं ती फरशीवर पसरली आणि त्या रकान्यावर बोट ठेवलं. वाळूनं झिजलेलं बोट, नखाची कड काळी.

"मला वाचाय येत न्हाई, अण्णा. पर बारा वर्सं त्येंचं अक्षार लोखंडावर बघितलंय. उभं, सुटं सुटं, काड्या मांडल्यागत. हे एकात एक गुतल्यालं हाय. हे त्येंचं न्हाई."

"ऑफिसात भरतात कुणीकुणी," सोमशेखर म्हणाले. वीस वर्षांची एजन्सी होती, आणि एजंटानं जाणूनबुजून चुकीचं ठिकाण भरलं हे बाहेर आलं तर ती एका दिवसात जाणार होती. शिवलीलाला ते ठाऊक होतं. त्यांनी तिच्याकडं पाहिलं, त्या पाहण्याचा अर्थही.

स्वयंपाकघरात मघाशी टाकलेली दुसरी भाकरी तव्यावर करपायला लागली होती. शिवलीला उठली, गॅस बंद केला, हात धुतले, पदराला पुसले. परत येऊन आक्काताईच्या समोर फरशीवर बसली.

"माझं आहे ते अक्षर," ती म्हणाली.

"शिवलीला..."

"माझंच आहे. कृष्णातभाऊंनी इराकच लिहिलं होतं, पेन्सिलनं. आत पोळ्या लाटताना मी ऐकलं, ते जाताना पुन्हा बजावून गेले. आणि तरी मी कुवेत लिहिलं."

आक्काताईनं शिवलीलाच्या हातांकडं पाहिलं, नखांत अजून पीठ होतं. रडेल, ओरडेल, शिव्या देईल असं शिवलीलाला वाटलं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तरी म्हनलं," आक्काताई हळूच म्हणाली, "अक्षार बाईचं दिसतंय."

मग तिनं झेरॉक्सची घडी घातली, लिफाफ्यात सरकवली, आणि पिशवीतून मनालीच्या वहीचं एक कोरं पान काढलं. घरून निघतानाच फाडून आणलेलं असावं.

"वैनी, ह्याच हातानं ह्येच्यावर लिवून द्या. मराठीत लिवा. कृष्णातनं इराक सांगितलं हुतं, कुवेत मी लिवलं. खाली तुमची सही. आईतवारी विहारात, त्याच माणसांम्होरं, मनाली वाचंल."