काळ्या बंदराचा तिसरा सीझन

हे मी आजवर कोणापाशी बोललेले नाही. मिलिंदपाशी, म्हणजे माझ्या नवऱ्यापाशी, तर नाहीच. बहिणीला सांगायचं म्हणून एकदा फोन लावला होता, पण गवारीचा भाव विचारून ठेवून दिला. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही आमच्या घरातले नाही. आणि आधीच सांगून ठेवते — मी रडणारबिडणार नाही. ज्यातल्या निम्म्या गोष्टीचा मला आजही अभिमान आहे, ती रडत कशाला सांगायची?

उरलेली निम्मी... तिच्याकडे येते. जरा दमाने येते.

माझे सासरे, आप्पा. पोस्टात सॉर्टिंगला होते. जिल्ह्यातलं कुठलंही गाव सांगा, त्याचं टपाल कोणत्या थैलीत पडणार हे त्यांना निवृत्तीनंतर वीस वर्षांनीही घडाघडा सांगता यायचं. काचबिंदूने दोन्ही डोळे गेले तेव्हा आम्ही सगळे हादरलो. ते मात्र कपाळावर बोट आपटून म्हणायचे, "खिडक्या बंद झाल्या ग, कपाट शाबूत आहे." आणि खरंच होतं. कोपरीतल्या आमच्या विहारात दर रविवारी वंदना तेच घ्यायचे. त्रिशरण, पंचशील, पुढचं सगळं — हातात पुस्तक नाही, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. डोळस माणसं पुस्तकात बघून अडखळायची आणि आप्पा न बघता त्यांना सावरून घ्यायचे. मी त्यांना हाताला धरून न्यायचे आणि मागेच उभी राहायचे. त्या एका तासात ते आंधळे नसायचे. हे लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

माझे ट्यूशनचे वर्ग सकाळी आणि संध्याकाळी. दुपार आम्हा दोघांची. त्या दुपारी आम्ही 'काळं बंदर' बघायचो. बघायचो म्हणजे — मी बघायचे आणि सांगायचे, ते ऐकायचे. परदेशी मालिका, सगळी चित्रांची, म्हणजे ॲनिमेशन. पण मुलांची नव्हे. एका बंदरावर दर अमावास्येला एक माणूस नाहीसा होतो. दीपगृहात राहणारी एक मुकी मुलगी आणि पायाने अधू असलेला एक फौजदार त्याचा छडा लावतात. बोलणं अगदी कमी आणि तेही आपल्याला न कळणाऱ्या भाषेत. खाली इंग्रजी ओळी यायच्या, त्या मी मराठीत सांगायचे. बाकीचं सगळं चित्रात. सावली कुठे पडली, कपाची दांडी कुठल्या बाजूला, खिडकीचा पडदा आत उडतोय की बाहेर. एवढं बारीक मी त्याआधी आयुष्यात कशाकडे पाहिलं नव्हतं.

पहिल्या सीझनमध्ये एका भागात मी सहज म्हणाले, धक्क्यावर दोर पडलाय, ओला आहे. आप्पा ताठ झाले. "थांबव. पाऊस आहे?" नाही. "भरती?" नाही, पाणी खूप खाली आहे. "मग दोर ओला कसा? होडी आत्ताच येऊन गेलीय. तो दुकानदार खोटं बोलतोय." पाच भागांनंतर दुकानदार खोटाच निघाला. आप्पांनी त्या दिवशी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. मला सांगा, डोळे नसलेल्या माणसाने चित्रातला खुनी पकडावा, याहून मोठं सुख मी त्यांना काय देऊ शकत होते?

दुसरा सीझन बरा होता. तिसरा आला आणि...

काय सांगू तुम्हाला. मालिका चालली की तिच्या मालकांना ती दुभती म्हैस वाटायला लागते. चित्रं स्वस्तातली झाली. समुद्र हलेनासा झाला. गर्दीत तीच तीन तोंडं फिरवून फिरवून दाखवायची. जुन्या भागांतले तुकडे चिकटवून अर्धा वेळ भरायचा. मेलेले दोघे जिवंत झाले. आणि कहर म्हणजे फौजदार — आप्पांचा फौजदार, ज्याचा पाय एका पोराला वाचवताना गेला होता — तोच खुनी! का? तर त्याला एक जुळा भाऊ होता म्हणे. कुठे सूचना नाही, कुठे धागा नाही. दोन सीझन आम्ही त्या माणसाच्या बाजूने श्वास रोखून बसलो होतो. बनवणाऱ्यांना जराही लाज वाटली नसेल?

तो भाग मी सकाळीच एकटीने पाहून घेतला होता. दुपारी आप्पा जेवून, हात पुसून, खुर्चीत सावरून बसले. मी मालिका लावली. पडद्यावर फौजदार हसत होता आणि त्याच्या हातात सुरा होता. मी म्हणाले, "आप्पा, फौजदार दीपगृहाच्या जिन्यावर उभा आहे. त्याला वर जायचंय, पण पाय साथ देत नाहीये."

तिथून सुरू झालं. तिसरा सीझन पूर्ण आणि चौथाही पूर्ण, पडद्यावर एक चालायचं आणि मी दुसरंच सांगायचे. रोज सकाळी भाग बघायचे, कणीक मळता मळता त्यावर माझा भाग रचायचे. आवाजांची पंचाईत व्हायची. गोळीबार सुरू झाला तर मी बंदरावर लग्न लावून फटाके उडवायचे. कोणी किंचाळलं की बोका पाण्यात पडायचा. बिचारा किती वेळा पडला असेल! पण गोष्ट? गोष्ट मी चोख ठेवली. प्रत्येक धागा आधी दाखवला, मगच ओढला. माझा फौजदार दीपगृहाची विझलेली वात लावताना गेला, त्या उजेडात होड्या परतल्या. मुक्या मुलीला मी एक आई दिली. ती रोज सगळ्यांच्या चपात्या मोजून ठेवायची आणि हरवलेल्या नवऱ्याचीही एक धरायची. ती सवय माझ्या सासूबाईंची. आप्पा नोकरीनिमित्त दौऱ्यावर असले तरी त्यांच्या वाटणीची चपाती त्या डब्यात ठेवायच्या, हे मला आप्पांनीच सांगितलेलं. त्या दिवशी आप्पांनी तो चपात्यांचा प्रसंग मला पुन्हा एकदा सांगायला लावला. मग म्हणाले, "हा लिहिणारा सुधारला ग."

मला याची लाज वाटत नाही. स्पष्ट सांगते. ती मालिका बिघडली होती, मी ती नीट केली. पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन. तुम्ही म्हणाल, आंधळ्या माणसाला फसवलं. म्हणा. मला त्याचं काही नाही. त्या दीड वर्षात ते दुपारची वाट बघत जेवायचे.

मग? कबूल काय करायचंय?

वैशाखी पौर्णिमेला सगळे आमच्याकडे जमले होते. नणंद, सुजाताताई, डोंबिवलीहून आल्या होत्या, बरोबर त्यांची रिया. ती इंजिनीअरिंगला आहे. जेवणं झाली, खीर वाटून झाली. आप्पा नातीला कौतुकाने 'काळ्या बंदरा'विषयी सांगायला लागले आणि ती टाळी वाजवून म्हणाली, "आजोबा, तुम्ही पण बघता? पण तिसऱ्या सीझनची काय वाट लावलीय ना! इन्स्पेक्टरच खुनी? एकदम बकवास."

आप्पा हसले. म्हणाले, "अगं, कुठे बघितलंस? तो तर वात लावताना गेला."

"असं काही नाहीच आहे, आजोबा." तिने फोनवर शोधून वाचूनच दाखवलं. आप्पांनी मग जिना सांगितला, वात सांगितली, चपात्या मोजणारी आई सांगितली. सगळं क्रमाने, माझ्याच शब्दांत. रिया आईकडे बघायला लागली, सुजाताताई मिलिंदकडे. आप्पांनी मी बसले होते त्या बाजूला मान वळवली.

"शुभा, सांग ग हिला."

बघा, एका वाक्याचं काम होतं. आप्पा बरोबर सांगतायत, ती गोष्ट मी रचली. सगळे हसले असते. रियाने माझी टर उडवली असती. सुजाताताई चार ठिकाणी सांगत फिरल्या असत्या, की आमची भावजय आंधळ्या माणसाला थापा मारते. लग्नात त्यांनी मला 'बोलघेवडी' म्हटलं होतं, ते मी बारा वर्षं जपून ठेवलं होतं. त्यांच्यासमोर मला खोटं ठरायचं नव्हतं. बस, एवढंच होतं. यापेक्षा मोठं कारण असतं तर बरं झालं असतं, पण नाही.

मी म्हणाले, "आप्पा, तुमची जरा गल्लत होतेय बहुतेक."

हा माझा गुन्हा.

आप्पांचा चेहरा... नको. ते एवढंच म्हणाले, "असेल. होत असेल."

मग जे सुरू झालं ते माझ्या हातात नव्हतं, असं मला म्हणता येईल. पण ते खरं नाही. ते रोज माझ्या हातात होतं. सुजाताताईंनी आप्पांच्या चुका टिपायला सुरुवात केली. चष्म्याची रिकामी डबी मागितली, एक. रियाला तिच्या आईच्या नावाने हाक मारली, दोन. आपण दिवसाला दहा वेळा असं करतो की नाही? पण एकदा चुका शोधायला बसलं की सगळंच दिसतं. नौपाड्यातल्या एका मोठ्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी शंभरातून सात सात वजा करायला लावले, आप्पांनी झपाझप केले. घड्याळ काढायला सांगितलं. आंधळा माणूस घड्याळ काय काढणार? डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने ठीक आहे, पण नसलेल्या गोष्टी इतक्या तपशिलात आठवतात म्हणता, तर लक्ष ठेवा. गोळ्या दिल्या. मी बाजूच्या खुर्चीत पर्स मांडीवर घेऊन बसले होते.

आणि मग मिलिंद विहाराच्या कमिटीला भेटून आला. त्याने चांगल्याच हेतूने केलं. चार लोकांत आप्पांचं चुकलं तर त्यांना सोसणार नाही, म्हणाला, आधीच दुसऱ्याकडे दिलेलं बरं. पुढच्या रविवारी पुस्तक घेतलेला एक जण पुढे उभा राहिला. आप्पा तिसऱ्या रांगेत, माझ्या शेजारी. तो दोन ठिकाणी अडखळला. आप्पांचे ओठ हलले, पण आवाज काढला नाही. चौथं शील आलं, खोटं न बोलण्याचं. मी ते सगळ्यांबरोबर मोठ्याने म्हटलं. हो, म्हटलं.

त्यानंतर पाचवा सीझन आला. या वेळी मी सुधारायचं ठरवलं. किती शहाणी मी! जे पडद्यावर होतं तेच शब्दाशब्दाने सांगायला लागले — जुळा भाऊ, गोळीबार, पुन्हा जिवंत झालेला दुकानदार. दहा मिनिटं आप्पांनी ऐकलं. मग हात उचलला.

"ही नको, शुभा. तुझी लाव."

मी विचारलं, कधीपासून माहीत होतं? ते म्हणाले, "चपातीपासून. तिकडे कोण चपात्या मोजतंय?"

म्हणजे पौर्णिमेच्या दिवशी त्यांना माहीत होतं. 'सांग ग हिला' म्हणाले तेव्हाही. ते मला कोंडीत पकडत नव्हते. माझं कौतुक करायची संधी देत होते. रचणारी तू आहेस, सांग सगळ्यांना. आणि मी जे सांगितलं, ते त्यांनी सगळ्यांसमोर मान्य केलं. गोळ्या घेतल्या. वंदना सोडली. मी म्हणाले, आप्पा, आज संध्याकाळी मिलिंदला सांगते. ते म्हणाले, "तुला सांगवेल तेव्हा सांग."

त्या संध्याकाळी मी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. माझी मालिका मात्र पुढे चालू ठेवली. ते अजून आठ महिने होते. रोज रात्रीच्या जेवणानंतर स्मरणाची गोळी त्यांच्या तळहातावर मीच ठेवायचे आणि ते ती मुकाट्याने गिळायचे.

आप्पा गेल्यावर त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहार भरला होता. सुजाताताई बोलायला उभ्या राहिल्या. म्हणाल्या, ज्या माणसाला सगळा जिल्हा तोंडपाठ होता, त्याला शेवटी काही आठवेनासं झालं, हे बघणं फार कठीण होतं. बायका डोळे पुसत होत्या. मिलिंदने माझा हात धरला. समोर आप्पांचा फोटो होता आणि मला उठून उभं राहायला कोणी अडवलेलं नव्हतं. मी बसून राहिले.

मालिकेचा सहावा सीझन येतोय म्हणे. येऊ दे. माझी गोष्ट त्यांच्यापेक्षा चांगली होती आणि ज्याला ती पाठ होती तो गेला. तुम्ही माझ्याबद्दल काय ठरवायचं ते ठरवा, मी विचारायला येणार नाही. फक्त एवढं बरोबर सांगून ठेवते: आप्पांना शेवटच्या दिवसापर्यंत सगळं आठवत होतं. खोटं मी बोलले.