दोन काका, एक सोफा आणि पुष्कळ घोडे

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, अमेरिकेत सांता क्लारातल्या आमच्या हॉलमध्ये एका रविवारी दुपारी दोन पक्षांमधलं वैर मिटवण्याचा प्रयत्न झाला. प्रयत्न मी केला. मला ओळखणाऱ्यांनी पुढचं ताडलंच असेल.

टीव्हीवर दोन घराण्यांच्या वैराचा जुना वेस्टर्न सिनेमा. सोफ्याच्या एका टोकाला पेटीवाले काका, निवृत्त डॉक्टर. दुसऱ्या टोकाला तबलावाले काका, निवृत्त इंजिनिअर. मधे मी. गेल्या गणपतीत तबलावाल्यांनी नाट्यगीताची लय इतकी चढवली, की पेटीवाल्यांनी भर गाण्यात पेटी बंद केली. तेव्हापासून दोघांचा अबोला. यंदाचा कार्यक्रम बसवायचा होता माझ्या बायकोला, आणि आमच्या ग्रुपमध्ये पेटी वाजवणारे हे एक, तबला वाजवणारे ते एक. दोघं बोलले नाहीत तर कार्यक्रम कॅन्सल. बायकोने मला एवढंच बजावलं होतं, की तू मधे पडू नकोस.

माझी कल्पना अशी, की भांडून धुळीला मिळणारी घराणी बघून काका विरघळतील. पण घराणी ओळखायची कशी? टोप्या सारख्या, मिशा सारख्या, अंगावरची धूळसुद्धा सारखीच.

त्यात सगळे प्रश्न माझ्यामार्फत. पेटीवाले म्हणाले, त्यांना विचार, आत्ता मेला तो कोणाकडचा. तबलावाले म्हणाले, त्यांना सांग, तो मेलाच नाही, मेला तो त्याचा चुलतभाऊ. चुलत कसा, मावस असेल, असा उलट निरोप आला. या धावपळीत मी एकदा निरोपांची अदलाबदल केली. परिणामी अर्ध्या तासात दोघंही एकाच घराण्याच्या बाजूला गेले, आणि समोरचा शत्रुपक्षात आहे अशी दोघांचीही खात्री झाली. मला तर नायकच सापडेना. ज्याच्यासाठी मी दोनदा हळहळलो, तो खलनायकाचा कारभारी निघाला. बायकोने चहा आणला, कोण कोणावर चिडलंय म्हणून विचारलं. आम्ही तिघांनी तीन उत्तरं दिली. ती कप ठेवून गेली.

मग शेवटचा पाठलाग सुरू झाला. घोडेच घोडे. तबलावाले काका पुढे सरकले आणि त्यांच्या नकळत त्यांची बोटं कॉफी टेबलावर पडू लागली. आधी टापांबरोबर. मग टापांच्या जरा पुढे. मग बरीच पुढे. कप किणकिणायला लागले. पेटीवाले काका मला कोपराने ढोसत होते, त्यांना सांग, त्यांना सांग. आणि मी टीव्हीत डोळे घालून कोण कोणामागे लागलंय ते शोधत होतो. शेवटी ते माझ्या मांडीवरून पलीकडे वाकले आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच थेट त्यांच्याशी बोलले,

"अहो, लय आवरा! घोडेसुद्धा इतके पळत नाहीयेत."