विरूपाक्षअप्पाचं बाहेरचं जेवण

विरूपाक्षअप्पाचं ह्या वयात बाहेर काहीतरी आहे, अशी चाकुरात कुजबुज उठली. रोज दुपारी तो धोंडाबाईच्या घरात शिरायचा आणि मिशा पुसत बाहेर पडायचा. तेही लातुरात स्वतःच्या बायकोची खानावळ असताना आणि तिथून रोज एसटीनं डबा येत असताना!

अप्पाची तूर घरात पडून होती. बाहेरून येणाऱ्या तुरीवर सरकार आयात शुल्क लावील आणि भाव चढेल, ह्या आशेवर तो बसला होता. सरकारनं उलट शुल्कमाफीची मुदतच वाढवली. परदेशी तूर बंदरात उतरली आणि लातुरात भाव पडला. अप्पाचं तोंड एवढंसं झालं, त्याच्या बायकोचं, गौरम्माचं मात्र खुललं. तिच्या खानावळीत स्वस्त परदेशी डाळीनं क्लासच्या पोरांचं वरण घट्ट झालं.

कुजबुज कानावर येताच गौरम्मा एसटीनं आली ती थेट धोंडाबाईच्या चुलीपाशी. अप्पाचा घास हातातच राहिला.

"काय ओ, माझ्या हातचं गोड लागंना का?"

"तुझी डाळ परदेशी हाय. मीच ती खाल्ली, तर माझी तूर कोण घेणार?"

"मी घेते की. बाजारभावानं."

"भाव तुझ्या त्या डाळीनंच पाडलाय!"

"मग किलोमागं दोन रुपये जास्त देते. पण खानावळीतली ताटं तुम्ही घासायची."

ऐंशीची धोंडाबाई बोळक्या तोंडानं हसली. "देऊन टाक रे बाबा. असं गिऱ्हाईक शोधून सापडायचं न्हाई."

दुसऱ्याच दिवशी अप्पाची पोती लातूरला गेली, मागोमाग अप्पाही.

त्याचं बाहेर काहीच नव्हतं. परदेशी डाळीवर रुसून तो धोंडाबाईकडं गावच्या तुरीचं वरण खायला जात होता.