जावयाला दिलेलं माझं तिकीट

कॉन्व्हेंटच्या हॉस्टेलात रविवारी दुपारी सुमन, मेरी आणि मी एका टेपरेकॉर्डरभोवती डोकी जोडून ज्या बँडची गाणी ऐकायचो, तो बँड आज हैदराबादला वाजवणार आहे.

मी आदिलाबादला, घरीच.

सकाळी दोघी गाडी घेऊन मला न्यायला आल्या. मुक्कामाला आलेले जावईबापू म्हणाले, "मलाही आवडतो हा बँड." आमच्या ह्यांनी लगेच माझं तिकीट त्यांच्या हातात ठेवलं!

"मला विचारलंत?"

"जावयाले नाही कसं म्हनू? तू काऊन चिडून राह्यली?"

शाळेपासून वाट पाहिली होती हो मी. तुमच्याकडेही जावयापुढे बायकोला असंच गृहीत धरतात का?

सुमन, मेरी, मी मागच्या सीटवर ठेवलेल्या पिशवीतले धपाटे तुम्ही दोघींनीच खा. पिशवीतला माझा नवा टी-शर्ट मेरीने घालावा. जावईबापूंना तिकीट मिळालंय. चटणीसुद्धा देऊ नका.