पट्टीखालचे दिवस

देवीवरचा माझा विश्वास कधी डळमळला असेल, तर तो मुंबईच्या डोळ्यांच्या इस्पितळात. नुसत्या डोळ्यांसाठी वेगळं इस्पितळ, हे तेव्हा नवलच होतं. आमच्याकडे मोतीबिंदू म्हणजे वैदूची सुई, आणि त्या सुईने माझ्या आत्याचा डोळा कायमचा घालवला होता. म्हणून मी, विधवा बाई, धाकट्या दिरांबरोबर कडाव गावाहून मुंबईला आले. भातकापणी तोंडावर होती. मला खाटेवर पोहोचवून ते संध्याकाळच्या गाडीने परत गेले.

शस्त्रक्रियेनंतर दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. हलायचं नाही, खोकायचं नाही आणि मुख्य म्हणजे रडायचं नाही. रडलात तर डोळा जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सांगायला काय जातं! आजूबाजूला गुजराती, इंग्रजी असं काहीबाही चाललेलं. माझ्याशी बोलणारं कुणी नाही. दिवस की रात्र तेही कळेना. मनात म्हटलं, बाय माझे, जन्मभर तुझं देऊळ सारवलं, एकदा तरी ओ दे गं. ती कसली ओ देते! रडू आता आवरत नाही असं झालं. तेवढ्यात कपाळावर एक खरखरीत हात टेकला.

"रडू नको गं. मी हाय ना."

गावाकडचं ते बोलणं ऐकून मी थिजले. "देवी आई, आलीस का गं तू?"

"देवी कशाची! आया हाय मी हितली. दहिवलीची."

दहिवली म्हणजे आमच्या कडावच्या जवळचंच गाव. मला हसू आलं, पण हसायलाही बंदीच. पुढे पट्टी निघेपर्यंत कामातून सवड मिळाली की ती येऊन माझा हात धरून बसे.

पट्टी निघाली तेव्हा ती समोरच उभी होती. पण चष्म्याशिवाय मला दिसलं ते फक्त धूसर पांढरं लुगडं. चष्मा मागाहून घरी आला. तो लावून मी देवळाच्याही आधी दहिवलीला तिच्या घरी गेले. तिची म्हातारी आई ओट्यावर बसली होती; तिला इस्पितळातली ओळख सांगितली. नोकरीपायी लेक कित्येक दिवसांत घरी फिरकली नव्हती.

"कशी दिसती गं माजी पोर? वाळली का?" म्हातारीने विचारलं.

जिने माझे डोळे राखले, तिचं तोंडच मी पाहिलं नव्हतं. "मला नाय गं ठाऊक," एवढंच म्हणाले आणि म्हातारीचा हात हातात घेतला. लेकीसारखाच तो खरखरीत तळवा. मग मात्र आम्ही दोघी पोटभर रडलो.

आजही देवीपुढे उभी राहते, पण दर्शन दे म्हणून हटून बसत नाही. कुणाच्या हाताने यायचं, ते तिचं तिने ठरवावं.