शून्य गुणांची बाळंतीण

मोठी सिस्टर अत्यंत चुकीची पावरी बोलत असे आणि तिला त्याचा अभिमान होता. तळोद्याच्या आमच्या प्रसूती कक्षात डोंगरातून आलेल्या बाळंतिणी आपल्या भाषेची ती दुर्दशा ऐकून तोंडाला पदर लावून हसत. "हसनी ना? मंग निम्मी तपासनी झायी," ती मला सांगे. "जी हसनी नही, तिना जोडे बस."

नर्सिंगची पदवी घेऊन मी नुकतीच रुजू झाले होते. हे प्रमाणित साधन नव्हे, असा आक्षेप मी घेतला. "तू परमानित कर वं माय, मी हसाडस," ती म्हणाली.

रक्तदाबाच्या बाबतीत मात्र तिला थट्टा चालत नसे. प्रसूतीनंतरही दाब वाढू शकतो, हे ती प्रत्येक नवऱ्याला दटावून सांगे. दारात जीप भोंगा वाजवत असली तरी दंडाला पट्टा बांधल्याखेरीज ती कोणाला सोडत नसे. "पोऱ्याले सम्दा देखतस," सासवांना ती टोमणा मारी, "हिन्हं डोकं दुखस का, ते कोन इचारी?"

लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी तिला स्वतःला मुलगी झाली. आठवड्याने ती तपासणीला आली, तेव्हा मनःस्थितीची प्रश्नावली मीच भरून घेतली. जितके गुण अधिक, तितकी काळजी अधिक. तिने भराभर उत्तरे दिली. बेरीज शून्य आली. रात्रभर जागणाऱ्या बाईची बेरीज शून्य येत नाही. मी कागद बाजूला ठेवला.

"ताई, उत्तरं पाठ आहेत तुम्हाला."

"मीच शिकाडं ना तुले."

दाब मोजला. तो धोक्याच्या पातळीवर होता. डोके दुखते का, असे विचारल्यावर ती म्हणाली, "झोप नही, म्हनीसन दुखस." हेच कारण दुसऱ्या कोणी दिले असते, तर तिने तिला खाटेवरून उठू दिले नसते. मग मी छापील कागदावर नसलेला प्रश्न विचारला : बाळ रडले की काय वाटते?

ती दाराकडे पाहत राहिली. "ऐकू येस वं. पन दुसरास्ना घरमा कोनी रडी ऱ्हायनं, असं वाटस."

डॉक्टरांना कळवून मी तिच्याबरोबर रुग्णवाहिकेतून नंदुरबारला गेले. तिने विरोध केला नाही. विरोध करण्याइतकेही तिच्यात काही उरले नव्हते. दाब काही दिवसांत उतरला. मनाला पुष्कळ महिने लागले.

कक्षात ती परतली नाही. आता ती पुरुषोत्तमनगरला असते. मुलगी चालायला लागली आहे. मोठ्या सिस्टरची जागा मला मिळाली. ती मला हवीच होती. मिळाली त्या दिवशी काही वाटले नाही, आणि नंतरही फारसे काही वाटलेले नाही.

अधूनमधून तिचा फोन येतो. मुलीच्या खोड्या सांगून झाल्या की ती विचारते, "आनि तू कशी शेस वं?"

"मजेत."

खोड्या ऐकूनही मी हसलेली नसते. ती फोन ठेवत नाही.