बुधवारले सांगतो

दर बुधवारी जेवण झालं की आमचे मामाजी, म्हणजे माझे सासरे, हातमागाच्या खोलीत जात आणि आतून कडी लावत. आठवडाभर त्या खोलीतून खटक-खटक चालू असे. बुधवारी दुपारभर चिडीचूप. गोंदिया वेगळा जिल्हा झाला त्याच्या पुढच्या वर्षी मी लग्न होऊन भंडाऱ्याहून आंधळगावला आले, आणि पहिल्याच बुधवारी दाराच्या फटीला डोळा लावला. मामाजी मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेले, आडवं सूत फेकायचा धोटा बाजूला, हात मांडीवर, नजर समोरच्या ताण्यावर, उभ्या धाग्यांवर. मी तशीच स्वयंपाकघरात गेले. सासूबाईंना विचारलं, "आई, मामाजी आत काय करून राहिले?"

"विचार," लसूण सोलता सोलता त्या म्हणाल्या.

"कायचा?"

"मले काय मालूम! माह्या लग्नापासून तसेच बसून राहिले. आता तुह्यावर बी बसतीन."

म्हणजे झालं! सासरचा पहिला आठवडा, आणि सासरे कडी लावून माझ्यावर विचार करणार.

तसा मला त्या बुधवारचा आधीच राग होता. मला पाहायला आले तेव्हा सगळ्यांना मुलगी पसंत होती. मुलगा तर चहाची कपबशी हातात विसरून बसला होता. माझ्या बाबांनी विचारलं, "मंग काय म्हणता?" तर मामाजी उठले, चपला घातल्या आणि म्हणाले, "बुधवारले सांगतो." बाबा त्या रात्री आईवर चिडले, "पोरगी पाह्याले आले होते का बैल?" निरोप मात्र खरोखर बुधवार उलटल्यावरच आला.

माणूस पक्का संशयी. आठवडाभरात कोण आलं, काय बोललं, ते सगळं मनात साठवायचं, आणि बुधवारी एकेक काढून उलटंपालटं करायचं. मग पुढच्या आठवड्यात काय करायचं ते ठरवायचं. म्हणायचे, "मागं पाह्याव, मंग पुढं पाह्याव. लोक नुस्ते पायापाशी पाह्यतेत." एकदा शेजारणीने टोपलीभर दोडके आणून दिले. मी खुशीत भाजी केली. मामाजींनी ताट पुढे ओढून विचारलं, "काहून देल्ले?"

"झाले जास्त, म्हणून देल्ले असतीन."

"आपल्याच घरी काहून जास्त झाले?"

गुरुवारी सकाळी त्यांनी मागच्या अंगणाला काट्याचं कुंपण घातलं. मी कपाळावर हात मारला. पण आठ दिवस होत नाहीत तोच शेजारीण आली आणि आपल्या न्हाणीचं पाणी आमच्या अंगणातून काढू द्या म्हणाली! मामाजी कुंपणाकडे बघून नुसते खाकरले. जिल्हा तुटला तोही त्यांना पटला नव्हता. "गोंदिया नेलं. काहून नेलं, आपल्याले कोणी सांगतलं का?" असं ते कोणालाही विचारायचे.

घरात माग एकच. त्यावर कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, साड्या निघत. रिवाज असा की बायकांनी धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरायच्या, विणायचं पुरुषांनी. माझ्या नवऱ्याचा जीव त्यात नव्हता. तो वरठीच्या कारखान्यात लागला आणि मोटारसायकलने जाऊ-येऊ लागला. मला मात्र त्या मागाने वेड लावलं होतं. कोशाचं मातकट सोनेरी सूत, धागा घट्ट बसवणाऱ्या फणीच्या फटक्याचा आवाज. मामाजी बाहेर गेले की मी गुपचूप खड्ड्यात पाय सोडायची आणि दोन-चार बोटं कापड विणून घ्यायची. तो माग मला हवा होता. दागिना नको, भंडाऱ्याला घर नको, माग हवा. पण मागायची सोय कुठे? लगेच "काहून?" आलं असतं.

मग मामाजींचे गुडघे सुजायला लागले, आणि आमच्या ओसरीत गोमाजी काका दिसू लागले. शेजारच्या गावचे, मामाजींच्या वयाचे, कधीकाळचे विणकर. दर बुधवारी यायचे, चहा प्यायचे आणि सगळ्या घराला ऐकू जाईल असं विचारायचे, "मंग, देता का माग?" आतून उत्तर यायचं, "पुढच्या बुधवारले सांगतो."

माझा जीव टांगणीला लागला. हे दोघं काहीतरी शिजवून राहिले, हे मी ओळखलं. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "बाबाचे पाय दुखतेत. इकला तं इकला." मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही.

आमच्यात जुना ताणा संपत आला की त्याचं शेपूट मागावरच ठेवतात, आणि नव्या ताण्याचा एकेक धागा त्याच्या टोकाला वळून जोडतात. शेपूट कापलं म्हणजे त्या घरचा माग बंद. मामाजींनी शेवटची साडी उतरवली. शेपूट राहिलं, पण नवा ताणा काही येईना. रोज सकाळी झाडू मारायच्या निमित्ताने मी आधी ते शेपूट जागेवर आहे का ते बघायची.

त्या बुधवारी मामाजी कात्री घेऊन आत गेले. कडी लागली. बाहेर गोमाजी काका फुर्र-फुर्र चहा पीत होते. माझ्या अंगाची लाही झाली. बुधवारी ते दार कोणी कधी वाजवलं नव्हतं. मी दोन्ही हातांनी बडवलं.

कडी निघाली. "काहून?"

"मामाजी, माग इकू नका. मी बसीन मागावर."

"काहून?"

"काहून म्हणजे? मले येते! मले पायजे!"

मामाजींनी कात्री खाली ठेवली. "येते ते मालूम आहे मले. तुह्या हाताचं कापड माह्यापेक्षा घट्ट येते. पहिले मले वाटलं, भूतच बसून राहिलं मागावर."

"मंग बोलले काहून नाही?"

"तुह्या मनात भंडारा आहे का आंधळगाव, ते समजत नव्हतं. अन् इचारलं का माणूस हो म्हणते. हो म्हणलेलं टिकत नाही पोरी, मांगतलेलं टिकते." मग खड्ड्याकडे बोट दाखवून म्हणाले, "किती बुधवार खाल्ले तू माहे! बस आता."

दुसऱ्या दिवशी नवा ताणा आला. सासूबाई डोळे बारीक करकरून धागे देत होत्या, मी वळत होते, आणि मामाजी मागे बसून प्रत्येक गाठीवर संशय घेत होते. मला रडू येत होतं आणि हसूही.

गोमाजी काका मात्र त्यानंतर फिरकले नाहीत. हे मला खटकत राहिलं. ज्याच्या गावात कोणी विणत नाही, त्याला माग कशाला हवा होता? मामाजींना मी कितीदा तरी विचारलं. "बुधवारले सांगतो," म्हणायचे, आणि बुधवारी कडी लावून घ्यायचे.

काही वर्षांनी ते झोपेतच गेले. एरवी कोणालाही बुधवारपर्यंत थांबवणारा माणूस, तिथे मात्र लगेच हो म्हणाला. मी फार रडले. त्यानंतरच्या बुधवारी घर पाहुण्यांनी भरलं होतं, तरी मी आत गेले आणि कडी लावली. खड्ड्यात पाय सोडून आठवडा पहिल्यापासून आठवला. तेव्हापासून माझा बुधवार चुकलेला नाही.

तेरवीला गोमाजी काका आले. मी चहा दिला आणि समोरच बसले. "काकाजी, खरं सांगा. तुमाले माग पायजे होता का?"

त्यांनी बशी खाली ठेवली. "मी कायले घेऊ माग? तुह्या सासऱ्यानं सांगतलं, दर बुधवारी ये, चहा पे, अन् मोठ्यानं माग मांग. मी म्हणलं, कधीपर्यंत? तं म्हणे, सून दार वाजवतपर्यंत."